पायाळू तू होतीस, शालू

शालू,

तुझ्या तेराव्याला तुझ्या महेशने मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी बोललो. तू मुंबईच्या इस्पितळात फिजिओथेरपीच्या विभागात अठ्ठावीस वर्षं मावशी म्हणून काढलीस, नवरा गेल्यावर सासरच्या गावी परतलीस, पावस आणि आजूबाजूच्या वाड्यांतल्या किती माणसांच्या पाठी तुझ्या हातांनी सरळ केल्यास, त्यात या भावाचीही केलीस. सगळं खरं होतं. लोकांनी माना हलवल्या. खाली बसताना कमरेत बारीक कळ आली आणि वाटलं, एवढं बोललो, पण जे सांगायला हवं होतं त्याच्या आसपाससुद्धा फिरकलो नाही.

ते आता लिहितो. आपल्या गावच्या मुंबई मंडळाचा वार्षिक अंक निघतो, त्यात वर्षभरात गेलेल्या माणसांवर चार ओळी असतात. तुझ्यावर मी लिहावं असं त्यांनी कळवलं. अर्धं पान म्हणाले. मी सांगितलं, जास्त लागेल. हा अंक गावातल्या घराघरांत जातो. माझा पाय ज्यांच्या पाठीला लागला त्यांच्याही घरी जाईल. जाऊ दे.

सलग लिहिणं होत नाही. तू घालून दिलेला नियम अजून पाळतो, वीस मिनिटांवर एका जागी बसायचं नाही. उठतो, गॅलरीत दोन फेऱ्या मारतो, पुन्हा बसतो. मधल्या वेळात धीर थोडा गळतो. शहात्तराव्या वर्षी माणूस लवकर दमतो, आणि हे काम पाठीपेक्षा दमवणारं आहे.

तेराव्याच्या सकाळी काय झालं ते आधी सांगतो. महेशने तुझा फोटो पाटावर ठेवला होता. लीलाने येताना आईचा फोटो आणला होता. आईचा एकच फोटो आहे, माझ्या लग्नातला, तिच्यापुरता कापून मोठा केलेला. लीलाने तो तुझ्या शेजारी टेकवला. महेशने हळूच उचलून तिच्या हातात परत दिला.

"नको मामी. आईला नाही चालणार."

"अरे, आई होती तिची."

"म्हणूनच नको. आजीने तिला कोंडून वाढवलं. आई शेवटपर्यंत बोलायची ते. तिच्या खोलीत तिने हा फोटो कधी लावला नाही, आज मी कसा लावू?"

तो रागाने बोलला नाही. आईचा एखादा पथ्याचा पदार्थ सांगावा तसं त्याने सांगितलं. लीलाने फोटो पिशवीत ठेवला. मी शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो होतो. बहात्तर वर्षांची माझी बहीण आईवरचा राग बरोबर घेऊन गेली होती, आणि तो राग ज्या एका गोष्टीने उतरला असता ती गोष्ट चौपन्न वर्षं माझ्यापाशी होती.

गोष्ट एवढीच की पायाळू मी नव्हतो. पायाळू तू होतीस.

मुंबईत वाढलेल्या पोरांसाठी सांगतो. मूल जन्मताना डोक्याऐवजी पायांनी आलं तर ते पायाळू. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाने पाठीला तीनदा पाय लावायचा, उसण जाते, असं आपल्याकडे मानतात. आणखी एक मानतात, की पायाळूवर वीज पडते. पहिलं सगळ्यांना ठाऊक असतं, कारण त्याचा उपयोग असतो. दुसरं फक्त पायाळूच्या आईला झोपू देत नाही.

तू पायांनी आलीस तेव्हा मी चार वर्षांचा होतो. आईने सुईणीचे हात धरले, कुणाला सांगू नको म्हणून. मुलीची जात. उद्या मोठी झाली की गावातले बाप्ये दारात पालथे पडणार, पोरीने त्यांच्या पाठीला पाय लावायचा. आणि जिच्यावर वीज पडणार म्हणतात तिला करून कोण नेणार? सुईणीने शब्द दिला, पण अर्धाच पाळला. त्या घरात पायाळू पोर आहे एवढं तिच्या तोंडून निघून गेलं. महिन्याभरात पहिला माणूस पाठ धरून खळ्यात येऊन उभा राहिला. कुठलं पोर, म्हणून विचारू लागला. आईने मला पुढे केलं. "ह्यो. थोरला."

असा मी पायाळू झालो.

मला स्वतःलाही तेच ठाऊक होतं. शाळेत जायच्या आधीपासून मी मोठमोठ्या माणसांच्या पाठीला पाय लावत आलो. माणूस पडवीत पालथा झोपायचा, मी भिंतीला धरून उजवा पाय लावायचो, तीनदा. मग वडीलधाऱ्याला पाय लागला म्हणून वाकून नमस्कार करायचो. ती माणसं मला केळी द्यायची, ओले नारळ द्यायची. तू पडवीच्या कोपऱ्यातून बघत असायचीस. एकदा तू म्हणालीस, "मी लावू?" आणि आईने तुझ्या पाठीत धपाटा घातला. तुला वाटलं, मुलगी म्हणून मारलं. ते अर्धं बरोबर होतं.

आणि आभाळ वाजू लागलं की काय व्हायचं ते तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. भात कापणीचे दिवस, परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडत यायचा. लांबवर आवाज झाला की आई तुझं बकोट धरून तुला माजघरात ढकलायची आणि बाहेरून कडी घालायची. तू आतून दार बडवायचीस. दादाला बाहेर सोडतेस, मलाच का, म्हणून रडायचीस. आई उत्तर द्यायची नाही. खळ्यावर भाताचे भारे उघडे असायचे, ते आत घ्यायला ती मला हाका मारायची.

तुला वाटलं, तिचा माझ्यावर जीव आहे आणि तू तिला डोईजड आहेस. हे तू मला साठाव्या वर्षी बोलून दाखवलंस, सत्तराव्या वर्षीही. मला काय वाटायचं ते मात्र मी तुला कधी सांगितलं नाही. मी तर समजून होतो की मी पायाळू. वीज माझ्यावर पडणार. शाळेतली पोरं तेच म्हणायची. आणि माझी आई तुला आत सुरक्षित ठेवून मला विजेखाली भारे उचलायला पाठवते. गळ्यात एक ताईत बांधला होता, त्याने काही होत नाही म्हणायची. मी तो ताईत दातांत धरून भारे उचलायचो. मला वाटायचं, हिचा जीव शालूवर आहे. मी गेलो तरी हिला चालेल.

एका आईची दोन पोरं, दाराच्या दोन बाजूंना, आणि दोघांची खात्री की आईला दुसरं हवं आहे.

मी सुटलो बाविसाव्या वर्षी. रत्नागिरीच्या सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो होतो. सायकलने जायचं ठरलं आणि मी आईला म्हणालो, वैशाखात आणि आश्विनात मी सायकलने जाणार नाही, मोकळ्या कातळावरून रस्ता आहे. कातळावर माझ्याहून उंच काही नसतं. ती भाकऱ्या थापत होती. हात धुतले, माझ्याजवळ आली आणि गळ्यातला ताईत तोडून घेतला.

"तुला काय व्हायचं नाय. तू डोक्यानंच आलास. पायाळू शाली हाय."

मला पहिलं काय वाटलं सांगू? हलकं वाटलं. नुसतं हलकं. इतकी वर्षं मानेवर बसलेलं काहीतरी उतरलं. तू मनात आलीसच नाही. आई पुढे म्हणाली, "तिचं लगीन होईतो तोंड उघडू नको. मग तूच सांग कधीतरी. माझं ती ऐकून घ्यायची नाय."

पुढच्या वर्षी तुझं लग्न झालं. तू परळला गेलीस. तोंड उघडायला काही हरकत उरली नव्हती. पण तोवर कचेरीत आमच्या साहेबांच्या पाठीत उसण भरली होती, आणि शिपायाने त्यांना सांगितलं होतं की आपला नवा कारकून पायाळू आहे. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि सतरंजीवर पालथे झोपले. ज्यांच्यासमोर उभं राहताना माझी जीभ अडखळायची ते साहेब. मी चप्पल काढली आणि त्यांच्या पाठीला पाय लावला. दोन दिवसांनी ते सरळ चालू लागले. त्यानंतर कचेरीत मला कुणी एकेरी हाक मारली नाही.

हे खरं कारण आहे, शालू. फार मोठं काही कारण असतं तर लिहायला बरं वाटलं असतं. मी एक साधा कारकून होतो. माझ्याकडे लोकांनी यावं असं माझ्याजवळ तेवढं एकच होतं, आणि ते तुझं होतं.

तू मुंबईत त्या विभागात लागलीस आणि मग सुट्टीत आलीस की आपलं भांडण ठरलेलं. तू फरशी पुसता पुसता, पेशंटला पलंगावर चढवता उतरवता सगळं बघून घेतलं होतंस. पुढे तिथल्या बाईंनी तुला हाताशी धरलं आणि कुठे दाबायचं, कुठे अजिबात नाही, हे शिकवलं.

"दादा, लाथा मारून मणके बसत नाहीत."

"लाथ नाही, पाय लावतो. आणि लोक बरे होतात ते?"

"उसण तीन दिवसांत आपली आपण जाते. लोक तुझ्याकडे दुसऱ्या दिवशी येतात. तू नसतास आणि दारात म्हैस बांधली असती तरी तिसऱ्या दिवशी बरे झाले असते."

लीला इतकी हसली की तिच्या हातातला चहा सांडला. मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. भांडण तिथेच राहिलं. दर सुट्टीत आपण ते पुन्हा तिथूनच उचलायचो. आज कबूल करतो, तुझं बरोबर होतं. म्हशीसकट.

पाच वर्षांपूर्वी माझी पाळी आली. वाकून चपलेचा पट्टा लावत होतो. कमरेत काहीतरी सरकलं आणि उजव्या कुल्ल्यापासून मांडीच्या मागून, पोटरीतून, थेट करंगळीपर्यंत वीज धावल्यासारखं झालं. पाय टेकवेना. डॉक्टरांनी फोटो काढायला लावले. मणक्यातली गादी सरकून शिरेवर दाबते आहे, सायटिका म्हणतात ते हेच, गोळ्या घ्या, व्यायाम शिका, फरक नाही पडला तर ऑपरेशनचं बघू, म्हणाले. गोळ्यांनी गुंगी यायची, दुखणं राहायचं. शेजारचा सदू बघायला आला आणि पलंगाशी उभा राहून म्हणाला, "आता काय करणार भाऊ? स्वतःच्या पाठीला स्वतःचा पाय पोचवायचा तर सर्कशीत जायला हवं." मी हसलो आणि हसण्याने पुन्हा कळ गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तू आलीस. पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारलंस,

"लघवीला झालेली कळते ना?"

"शाले, वहिनी समोर आहे."

"वहिनीला काय ठाऊक नाही, तू लघवीला जातोस ते? नीट सांग. बसायची जागा बधिर वाटते का? टाचांवर उभा राहा. धर मला. आता चवड्यांवर."

सगळं तपासून झाल्यावर तू पदर खोचलास. यातलं एकही उत्तर वेगळं आलं असतं तर मी हात लावला नसता, गाडी बोलावून इस्पितळात नेलं असतं, म्हणालीस. मी आयुष्यभर पालथ्या पडलेल्या माणसांना पाय लावला, कुणाला एक प्रश्न विचारला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

मग चार महिने, एक दिवसाआड. माझी आरामखुर्ची तू पहिल्याच दिवशी गच्चीवर नेऊन ठेवायला लावलीस. मला पालथं झोपवून पोटाखाली उशी द्यायचीस. आधी नुसता तळहात ठेवून बसायचीस, बराच वेळ. पाठ घाबरलेली असते, तिला आधी कळू दे की मारणार नाही, म्हणायचीस. मग अंगठा, मग कुल्ल्याच्या खळग्यात कोपर. तिथे एक जागा होती, तू दाबलीस की माझ्या तोंडून घाणेरडे शब्द यायचे. तू म्हणायचीस, "दे शिव्या, श्वास तरी सुटतो." उंडीच्या तेलाचा तो कडू वास घरभर व्हायचा. लीलाने एकदा विचारलं, "तेलाने उतरेल ना गो?"

"तेल माझ्या हातासाठी वहिनी, नाहीतर ह्याची सालं निघतील. आणि थोडं ह्याच्या मनासाठी. वास आला की पेशंटला वाटतं, काहीतरी चाललंय."

नंतर कोपरांवर उठायचं, छाती वर, कंबर सैल. मग भिंतीला धरून चालणं. मी कंटाळा केला की तू म्हणायचीस, "अर्धा तास माझा, साडेतेवीस तास तुझे." महिन्याभराने मी तक्रार केली की पोटरीतलं गेलं, पण कंबर जास्त दुखते, वाढलं वाटतं. तू टाळी वाजवलीस. पायातून निघून ते वर यायला लागलं म्हणजे परत फिरलं, खाली करंगळीकडे गेलं तर मला सांग, म्हणालीस. मला ते पटलं नाही. पण तसंच झालं. पोटरी सुटली, मग मांडी, मग कुल्ला. शेवटी कमरेत मूठभर दुखणं उरलं, ते अजून आहे, आम्ही एकमेकांना सांभाळून घेतो.

आता ती दुपार. तिसरा महिना असेल. मी पालथा, तोंड उशीत. लीला बाजारात गेली होती. तुझा हात कमरेवर फिरत होता आणि मध्येच थांबला.

"दादा, एक विचारू? तू खरंच पायाळू आहेस?"

"म्हणजे?"

"आई शेवटी आजारी होती तेव्हा मी एकदा आले होते. चार दिवस राहिले. तेव्हा ती बडबडायची. म्हणाली, थोरल्याच्या वेळी सुईणीला आधी जावळ दिसलं, काळंभोर. पायाळूचं जावळ आधी कसं दिसेल? हे मी तेव्हापासून मनात धरून आहे. इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात मैत्रीण होती, तिलाही विचारलं. ती हसली."

तू पुढे म्हणालीस, "मी अजून आभाळ वाजलं की उठून आतल्या खोलीत जाते रे. आता कडी घालायला कुणी नाही, तरी जाते. मला फक्त कळायचंय, तिने मला का कोंडलं. एवढं कळलं तर मी तिला सोडून देईन."

तू विचारलंस, शालू. सरळ विचारलंस. मला काही शोधून काढायचं नव्हतं, कुठून सुरुवात करायची याचाही प्रश्न नव्हता. 'पायाळू तू' एवढे दोन शब्द. माझं तोंड उशीत होतं, तुझ्याकडे बघायचीसुद्धा गरज नव्हती.

मी म्हणालो, "आई शेवटी काहीही बोलायची. मीच पायाळू. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

तुझा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तू म्हणालीस, "बरं," आणि पुन्हा काम सुरू केलंस. तितक्याच नीट. एक बोटही जास्त जोराने दाबलं नाहीस. ते दाबलं असतंस तर मला सोसलं असतं.

तू पुन्हा कधी विचारलं नाहीस. मी बरा झालो. एसटी स्टँडपर्यंत तुझ्याबरोबर पायी आलो त्या दिवशी तू पिशवी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, आता उचल. पुढे लोक विचारायचे, भाऊ, कसे काय उठलात? मी सांगायचो, "बहीण यायची, तेल चोळायची." हे एका लग्नात तुझ्या कानावर पडलं. तू पंगतीत माझ्या शेजारी बसलीस आणि भात कालवता कालवता म्हणालीस, "तेल चांगलं होतं ना रे दादा?" एवढंच. त्याबद्दल मी तेव्हा माफी मागायला हवी होती. तेल नव्हतं ते. तुझे हात होते, तुझी अक्कल होती, आणि संधिवाताने सुजलेल्या बोटांनी तू एक दिवसाआड दीड तास एसटीत बसून येत होतीस.

लोक नंतरही माझ्याकडे येत राहिले. मी पाय लावत राहिलो, पण आधी तुझे प्रश्न विचारून. तिघांना मी पाय न लावता थेट इस्पितळात धाडलं. हे तुला कळलं तेव्हा तू म्हणालीस, "चला, निदान तोंड तरी उघडायला लागलास." तू पाठीबद्दलच बोलत होतीस बहुतेक. मी मात्र रात्रभर तुला काय सांगायचं याची उजळणी करत राहिलो, आणि सकाळी काही केलं नाही.

तेरावं झाल्यावर तिसऱ्या दिवशी महेशला डोंबिवलीला फोन लावला. तो जेवून उठला होता. मी सगळं सांगितलं, आत्ता लिहिलं तसंच. तो म्हणाला,

"मामा, आईने तुम्हाला विचारलं होतं?"

"एकदा."

"आणि तुम्ही?"

"मीच पायाळू म्हणालो."

तो म्हणाला, "हे आईला सांगायला हवं होतं. मला सांगून काय उपयोग?" आणि ठेवतो म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. मीही केला नाही. त्याने रागवू नये असं मला वाटत नाही.

लीलाला हे वाचून दाखवलं. तिलाही ठाऊक नव्हतं. बावन्न वर्षांच्या संसारात तिला मी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "छापू नका. लोक तोंडावर हसतील." मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "नाही, छापा. त्या बाईचं नाव तर नीट होईल." ती बाई म्हणजे आई. काल सकाळी एक जण पाठ धरून आला होता, त्याला मी दारातच सांगितलं की मी पायाळू नाही, कधीच नव्हतो. तो म्हणाला, "असू दे हो भाऊ, तरी लावा." मी नाही लावला. त्याला तुझे प्रश्न विचारले, घाबरण्यासारखं काही नव्हतं, दोन दिवस फिरत राहा म्हणालो. तो नाराज होऊन गेला.

महेश म्हणतो ते खरं. त्याला सांगून उपयोग नाही, गावाला सांगूनही फारसा नाही. सांगायचं तुला होतं. तू नाहीस, तरी तुलाच सांगतो, दुसरा रस्ता मी ठेवलेला नाही.

शालू, दार बंद झाल्यावर तू आत असायचीस, म्हणून बाहेरचं तुला कधी दिसलं नाही. मी बाहेर होतो. ते बघणारा आता मी एकटा उरलो आहे. पाऊस कोसळत असायचा, मी ताईत दातांत धरून भारे उचलत असायचो आणि आई खळ्यात भिजत उभी असायची. कडकड झाली की माझी नजर आधी तिच्याकडे जायची, ती माझ्याकडे बघते का म्हणून. ती माझ्याकडे बघत नव्हती. आभाळाकडेही नाही. दरवेळी, प्रत्येक कडकडाटाला, ती मान वळवून त्या बंद दाराकडे बघायची. मग आतून तुझं बडवणं ऐकू यायचं, आणि तेवढं ऐकलं की ती पुढचा भारा उचलायची.